नागूबाईचा कुणावरच भरवसा नव्हता

निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या अंगाला माळसोंडा नावाचं गाव आहे. तिथल्या बौद्धवाड्यात ग्यानोबाची बायको नागूबाई राहायची. अंगानं काटकुळी, कामाला वाघीण, आणि शकी इतकी की दारात आलेल्या माणसाला पाणी देण्याआधी हा कशाला आला असेल याचा ती मनातल्या मनात ठाव घ्यायची. कुणी गोड बोललं तर तिला जास्तच काळजी वाटायची. तिची सासू म्हणायची, ह्या बाईला सोन्याचा मणी दिला तरी ती आधी दातानं चावून बघंल.

एकाहत्तरच्या साली खानेसुमारी आली आणि गावातल्या शाळेचे व्यंकटराव मास्तर कागद घेऊन वाड्यात दारोदार फिरायला लागले. नागूबाईच्या दारात आले तेव्हा ती गोवऱ्या थापत होती. मास्तरांनी नाव विचारलं, तिनं सांगितलं. नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही, ते शेजारणीनं सांगितलं. मग मास्तरांनी विचारलं, लेकरं किती?

"हायती की," नागूबाई म्हणाली.

"हायती ते दिसलालेत. पण किती?"

"पुरतील इतके."

मास्तर हसले, पण बाई काही बधेना. तिची पहिली दोन लेकरं तान्हेपणीच गेली होती. लेकरं मोजली की नजर लागते, मोजलेलं टिकत नाही, असं तिच्या सासूनं तिला बजावून ठेवलं होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की, मोजून ह्या लोकांना करायचं काय, हे तिला कुणी सांगत नव्हतं. धान्य देणार असतील तर आकडा वाढवून सांगावा, आणि काही काढून घेणार असतील तर कमी सांगावा, एवढं तिला कळत होतं. पण ह्यातलं कुठलं आहे तेच ठाऊक नसेल तर माणसानं गप्प बसावं. पुढं धर्माचा सवाल आला. वाड्यात त्यावरून आधीच दोन तट पडलेले. बौद्ध लिहिलं तर सवलती जातात असं काहीजण म्हणत होते, आणि नाही लिहिलं तर बाबासाहेबांना तोंड काय दाखवायचं, असं बाकीचे. तेवढ्यात ग्यानोबा वावरातून आला. त्यानं बौद्ध लिहा म्हणून सांगितलं आणि लेकरांची नावंही एकेक करून घडाघडा सांगून टाकली. नागूबाईनं नवऱ्याकडं असं बघितलं की तो भाकरी न मागताच परत वावरात गेला.

त्या वर्षी पाऊस रुसला आणि पुढच्या वर्षी तर त्यानं तोंडच दाखवलं नाही. बाहत्तरचा दुष्काळ. ग्यानोबाचं तीन एकर माळरान होतं, त्यात कुसळसुद्धा उगवलं नाही. गावातल्या विहिरींचे तळ दिसले. रेशनवर परदेशातली तांबडी मिलो ज्वारी यायची, तिच्या भाकरी घशाखाली उतरायच्या नाहीत. मग गावाच्या वरच्या अंगाला सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं आणि सगळं गाव पाटी-फावडं घेऊन तिकडं लोटलं.

तिथं नागूबाईला एक गोष्ट पक्की कळली. कामाचा दाम खणलेल्या चौकोनी खड्ड्याच्या, म्हणजे चौकडीच्या मापावर मिळायचा. ज्याच्या घरात हात जास्त, त्याची चौकडी मोठी. ग्यानोबा खणायचा, ती स्वतः पाटी भरायची, थोरला बसवंत आणि त्याच्या पाठचा नरसिंग माती वाहायचे. पोरं लहान आहेत म्हणून मुकादम कुरकुरला, तर नागूबाईनं त्यांची वयं खुशाल वाढवून सांगितली. संध्याकाळी लेकरांना भाजलेल्या गोड पिठाची सुकडी मिळायची, तीही माणशी. जितकी तोंडं तितकी सुकडी.

गावात गुरुबसप्पा नावाच्या लिंगायत वाण्याचं दुकान होतं. त्याची बायको गौरम्मा नागूबाईची मैत्रीण. जातीनं लांबची, पण दोघी एकाच सालात नांदायला आलेल्या, म्हणून बोलायच्या. गौरम्माला एकुलता एक मुलगा होता, तोही लहान. उधारीवर नेणारं गिऱ्हाईकच उपाशी, तिथं दुकान कशावर चालणार? शेवटी गुरुबसप्पानं फळ्या लावल्या आणि उदगीरला भावाकडं जायचं ठरवलं. निघताना गौरम्मा नागूबाईला म्हणाली की तुझं बरं आहे बाई, तुझ्या घरात राबणारे हात आहेत, आम्हाला तर एकाच्या जिवावर दिवस काढायचे आहेत. गौरम्मा मनापासून बोलली होती, पण नागूबाईला त्यातही दृष्ट लागल्यासारखं वाटलं. घरी येऊन तिनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.

त्या वेळी तिच्या पदरात एक तान्हा होता. त्याला सांभाळायला थोरली लेक सरजा होती. सरजा तिसरीत होती, पाढे बरे म्हणायची. पण तान्ह्याला कामावर बघायचं कुणी? म्हणून तिची शाळा सुटली. दिवसभर ती बाभळीच्या सावलीला बसायची, फांदीला बांधलेली झोळी हलवायची आणि पोर रडलं की त्याला कडेवर घेऊन माती वाहणाऱ्या आईच्या मागं मागं फिरायची. तिच्या कडेला पोराच्या भारानं घट्टा पडला होता.

एक दिवस तळ्याच्या कामावर नर्सबाई आल्या आणि सगळ्या लेकरांना सुया टोचून गेल्या. नागूबाई नको म्हणत होती, पण मुकादमानं दरडावलं. आठवडा झाला असेल नसेल, तान्ह्याला हगवण लागली. टँकरचं पाणी पिंपात साठवून ठेवलेलं असायचं, त्यात सगळ्यांचे हात जायचे. कामावरची कितीतरी लेकरं आजारी पडली होती. ज्यांना सुई टोचली नव्हती तीही पडली होती. हे नागूबाईला दिसत होतं, पण दिसलेलं सगळंच माणूस धरून ठेवत नाही. पोर गेलं. ग्यानोबानं तळ्याच्या खालच्या अंगाला आपल्याच फावड्यानं खड्डा खणला. नागूबाईनं एकच गोष्ट मनात गच्च धरली, माझं लेकरू सुईनं खाल्लं. त्यानंतर सरकारी माणूस आणि सुई ह्या दोन गोष्टींनी तिच्या घरचा उंबरा ओलांडायचा नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

पाऊस परत आला. तळ्याचं काम बंद झालं, कामावरचे हात मात्र घरी परतले. आता ते हात लावायचे कुठं? तीन एकरात दोन माणसांपुरतंसुद्धा काम नव्हतं. बसवंत आणि नरसिंग दुसऱ्याच्या बांधावर सालगडी म्हणून राहिले. सरजाचं लग्न ठरवायची बोलणी सुरू झाली. त्यातच नागूबाईला एक मुलगी झाली, तिचं नाव ठेवलं महानंदा.

महानंदा रांगायला लागली त्या सुमाराला गावात जीप यायला लागली. शहात्तरचं साल. भिंतींवर लाल त्रिकोण रंगवले गेले. दोन पोरं असलेलं हसरं घर आणि पाच पोरं असलेलं रडकं घर अशी चित्रं चावडीवर लागली. व्यंकटराव मास्तरांना शिकवायचं सोडून नसबंदीची माणसं गोळा करायला लावलं होतं. माणसं आणली नाहीत तर पगार निघणार नाही, असं त्यांना वरून सांगितलं गेलं होतं. मास्तर काही वाईट माणूस नव्हता, पण त्या दिवसांत त्याचा चेहरा ओढलेला असायचा आणि तो कुणाच्या डोळ्याला डोळा देत नसे.

त्यांनी वाड्यात सभा घेतली. देशात माणसं वाढतात तितकं धान्य वाढत नाही, शाळा बांधाव्या तर पोरं दुप्पट होतात, नोकऱ्या काढाव्या तर मागणारे चौपट होतात, जे पिकतं ते खाण्यातच जातं, मग धरणं आणि कारखाने कशातून उभे राहणार, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. पुरुष माना डोलवत होते. नागूबाई मागं बायकांत बसली होती. तिनं तिथूनच विचारलं, हे पाटलाच्या वाड्यावर सांगितलं का? हणमंतराव पाटलाच्या घरात पोरं कमी आहेत का? तिथं देश गरीब होत न्हाई?

 मास्तर म्हणाले, तिथंही सांगणार आहे. पण जीप रोज बौद्धवाड्याच्या तोंडाशीच थांबायची, पाटलाच्या वाड्यापुढून ती धूळ उडवत जायची, हे सगळ्यांना दिसत होतं. नागूबाईचा हिशोब साफ होता. दुष्काळात आमचे हात लागले तेव्हा कुणी म्हटलं नाही की तुम्ही जास्त झालात. आता आमची मतं वाढायला लागली, पोरं शिकायला लागली, तर आमचा वंश कमी करायला निघालेत. आसपासच्या गावांतून बातम्याही येत होत्या. बाजाराला गेलेल्या माणसाला धरून नेलं, लग्न न झालेल्या पोराला नेलं. खऱ्या किती, खोट्या किती, कुणाला ठाऊक. पण जीपचा आवाज आला की वाड्यातले पुरुष तुरीच्या रानात पसार व्हायचे. नागूबाई त्यांना तिथंच भाकरी पोचवायची आणि बसवंतला दिवसाउजेडी घरी येऊ द्यायची नाही.

अशात ग्यानोबा एक दिवस म्हणाला, नांदेडला मारोतीकडं जाऊन येतो. मारोती त्याचा धाकटा भाऊ. नांदेडला मालधक्क्यावर हमाली करायचा. इथल्यापेक्षा तिथं नवऱ्याला धोका कमी, असं वाटून नागूबाईनं त्याला दशम्या बांधून दिल्या.

तो परतला तो बदलूनच. घागर उचलायची तर टाळाटाळ. पाथरवटाच्या कामावर गेला नाही. बाज अंगणात ओढून एकटा झोपायला लागला. विचारलं तर म्हणे, पाठीत उसण भरली. नागूबाईच्या डोक्यात लगेच दुसरीच पाल चुकचुकली. नांदेड मोठं शहर. मालधक्क्याच्या आसपास कसल्या बायका असतात, हे तिनं ऐकलं होतं. तिनं त्याचं गाठोडं उलगडून बघितलं, धोतर हुंगून बघितलं. वाड्यातल्या एका बाईनं सहज विचारलं की भावजी नांदेडला कशाला गेले होते, तर तिच्याशीही ती बोलायची बंद झाली. शेवटी राहवलं नाही. महानंदाला काखेत मारली, माहेरी जाते म्हणून सांगितलं, आणि निलंग्याच्या स्टँडवर येऊन लातूरची एसटी धरली. लातूरहून अहमदपूर करत नांदेड. एवढ्या लांब ती आयुष्यात कधी एकटी गेली नव्हती. वाटेत शेजारच्या माणसानं कुठं जाता म्हणून विचारलं, तर तिनं त्याला भलत्याच गावाचं नाव सांगितलं.

मारोतीची बायको भामाबाई चूल पेटवत होती. जावेला बघून ती दचकलीच. नागूबाईनं चहासुद्धा घेतला नाही. आधी सांग, म्हणाली, हे इथं आले तेव्हा कुठं कुठं गेले? भामाबाई आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली की भावजींनी कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती. पण तुमच्या मनात भलतंच दिसतंय, म्हणून सांगते. ते दवाखान्यात गेले होते. नस बांधून आले.

 नागूबाईला वाटलं, धरलं. रस्त्यात धरलं आणि नेलं. गावी येईपर्यंत तिनं मनात काय काय रचलं. मास्तरच्या दारात जायचं, त्याच्या बायकोपोरांसमोर त्याला जाब विचारायचा, चावडीवर उभं राहून हाक मारायची. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिनं ग्यानोबाला विचारलं, कुठल्या चौकात धरलं तुमाला?

ग्यानोबा बाजेचा सुंभ आवळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"मला कुनी धरलं न्हाई. माझ्या पायानं गेलो."

"कशाला?"

सुंभ ओढून त्यानं गाठ मारली. मग म्हणाला, "तळ्यावर पोरगं पुरलं ना, तो खड्डा मीच खंदला. अन् दुसऱ्या दिशी त्याच फावड्यानं चौकडी खंदली. तवा मनात आलं, आपुन माती वाहायलाच लेकरं जनमाला घाललालाव का? सरकारनं काम काढलं म्हून हात कामाला आले. आता काम न्हाई, हात हायती. तीन एकर माळ हाय, नागू. अजून दोघं झाले तर बैल वळवायला जागा ऱ्हायची न्हाई."

"मंग मास्तरापाशी का न्हाई गेलाव? त्यो तर रोज बोंबलून राहिलाय."

"त्याच्या आकड्यात माझं नाव कशाला? त्यानं जीप पाटलाच्या वाड्यापुढं थांबवली असती तर गेलो असतो. माझी इच्छा माझी. त्याच्या पगारासाठी न्हाई."

पहिल्यांदाच तिला नवऱ्यात आपल्यासारखाच एक शकी माणूस दिसला. तरी तिचा राग उतरला नाही. ज्या गोष्टीपासून तिनं साऱ्या वाड्याला तुरीत लपवलं, ती तिच्याच घरात, तिच्या पाठीमागं, तिच्याच दशम्या खाऊन झाली होती. तिला विचारलंच नव्हतं. दुसऱ्यांवर नजर ठेवता ठेवता घरचा माणूस हातून निसटला, हे तिला सगळ्यात जास्त लागलं. पुढचा सगळा उन्हाळा ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. वाड्यात तिनं ही गोष्ट कुणाला कळू दिली नाही. त्या उन्हाळ्यातच सरजाचं लग्न लागलं. पोर अजून फ्रॉकातून नुकती लुगड्यात आली होती.

दिवस फिरले, जीप यायची थांबली, भिंतीवरचे त्रिकोण पावसात धुऊन गेले. मग एक दिवस व्यंकटराव मास्तर पुन्हा दारात उभे. आता त्यांना शाळेसाठी पोरं पाहिजे होती. पटसंख्या कमी पडली तर एक मास्तर जाणार होता. नागूबाईनं त्यांना अंगणातच उभं केलं आणि म्हणाली की आधी पोरं कमी करा म्हणत होतात, आता पोरं कमी पडलीत म्हणताय, एकदा काय ते ठरवा.  महानंदाकडं बोट करून मास्तर एवढंच म्हणाले, ही दिवसभर काय करते?

खरं तर महानंदा दिवसभर काहीच करत नव्हती. तिच्यामागं घरात लेकरू नव्हतं. सांभाळायला कुणी नाही, झोळी हलवायला कुणी नाही. ती नुसती उंडारायची, शेळ्यांना दगड मारायची आणि शेजाऱ्यांची गाऱ्हाणी घरी आणायची. घरातली ब्याद जाईल, ह्या एकाच विचारानं नागूबाईनं तिला शाळेत घातली. तरी पहिल्या दिवशी ती शाळेच्या भिंतीला टेकून सुट्टी होईपर्यंत बसली. पोरीला कुणी सुईबिई टोचतं का, हे तिला बघायचं होतं.

ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादला हेलपाटे घालायची गरज उरली नाही म्हणून गावानं पेढे वाटले. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या कचेऱ्या म्हणजे शिपाई, चौकीदार, ड्रायव्हर. गावातली सगळी तरणी पोरं अर्ज घेऊन लातूरला निघाली. बसवंतही गेला. तो सातवी शिकलेला होता. परतल्यावर त्यानं सांगितलं की शिपायाच्या जागा बोटावर मोजण्याइतक्या, आणि अर्जवाल्यांची रांग कचेरीच्या फाटकापासून थेट रस्त्याच्या वळणापर्यंत. त्या रांगेत बीए झालेली पोरंसुद्धा होती. नागूबाई म्हणाली की जागा आधीच वाटल्या असतील, रांग नुसती दाखवायला. असंलही तसं. पण बसवंत म्हणाला, "न्हाई माय. वाटल्या असतील, नसतील. पर ती रांग खरी हुती. मी तितं उभा हुतो." त्याला नोकरी लागली नाही. त्याच नव्या कचेऱ्यांच्या बांधकामावर तो विटा वाहायला राहिला, आणि धाकटा नरसिंग घरच्या वावरात.

पुढच्या साली सुगीला सरजा माहेरी आली. चार लेकरं बरोबर, धाकटं कडेवर. बावीस वर्षांची पोर, पण गालफडं बसलेली, केस विरळ झालेले. दुपारी नागूबाई तुरीच्या शेंगा सोलत होती. महानंदा शाळेतून आली, दप्तर खुंटीला अडकवलं आणि मोठ्यानं कविता म्हणायला लागली. सरजा तिच्याकडं बघत राहिली.

"हिला शाळेत घातलंस," ती आईला म्हणाली. "मला काढलंस. माझ्या कडेवर पोर दिलंस, हिच्या कडेवर दप्तर. ही काय लाडाची अन् मी उकिरड्यावरची का?"

नागूबाईला राग आला. लेक सासरी जाऊन कुणाच्या तरी शिकवणीनं बोलतेय, असंच तिला आधी वाटलं. ती म्हणाली, "तवा घरात तान्हं हुतं."

"तान्हं म्या आनलं हुतं का?"

 असा सवाल नागूबाईला कुणी केला नव्हता, मास्तरांनी नाही, नर्सबाईंनी नाही. तिनं महानंदाला लाडानं शाळेत घातलंच नव्हतं. त्या पोरीवर टाकायला तान्हं नव्हतं, एवढंच. आणि तान्हं का नव्हतं, ते तिला ठाऊक होतं. ज्या गोष्टीसाठी ती एक उन्हाळाभर नवऱ्याशी बोलली नव्हती, तीच गोष्ट खुंटीला दप्तर होऊन लोंबत होती. तिनं शेंगा तशाच ठेवल्या, उठली, आणि सरजाच्या कडेवरचं पोर आपल्याकडं घेतलं.

संध्याकाळी सरजानं मनातलं सांगितलं. तिला ऑपरेशन करून घ्यायचं होतं. नवरा हो म्हणत होता, पण त्याच्या बोलण्यात दम नव्हता. सासू म्हणत होती की एकच नातू झालाय, एका डोळ्याचा काय भरवसा. निलंग्याला बिनटाक्याच्या ऑपरेशनचं शिबीर होतं. माय, तू चलशील का संगं?

नागूबाईनं लगेच हो म्हटलं नाही. सुईचं नाव निघताच तिला तळ्याखालचा तो खड्डा आठवला. ती ग्यानोबाकडं गेली. तो गोठ्यात होता. तुम्हाला त्रास झाला का कधी, एवढंच तिनं विचारलं. इतक्या वर्षांत त्या गोष्टीवर ती पहिल्यांदा बोलत होती. तो म्हणाला, दोन-चार दिवस ओढल्यासारखं झालं, बाकी काही नाही. तू तिच्यासंगं जा, म्हणाला, तुझी नजर असली म्हणजे कुणी फसवायचं नाही.

निलंग्याच्या शिबिरात नागूबाईनं डॉक्टरला आणि नर्सला बेजार केलं. सुई उकळली का, कधी उकळली, माझ्यासमोर उकळा. गोळी कसली, कुणी बनवली. पाणी कुठलं, झाकलेलं का. नर्स तरणी पोर होती, आधी वैतागली. मग तिनं आजीला आत नेऊन पातेल्यातली हत्यारं दाखवली आणि हात कसे धुतात तेही दाखवलं. नागूबाईनं सगळं बघितलं. तरी सरजाला आत नेलं तेव्हा ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि दुसऱ्या कुणाला आत जाऊ देईना. सरजा बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावरची चादर वर करून तिनं आधी श्वास बघितला. मग भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडात पदर धरून रडली. शेजारच्या बायांना वाटलं, लेकीचं काही बिनसलं.

सरजा बरी होईपर्यंत माहेरीच राहिली. तिला काम करायचं नव्हतं. तिची लेकरं आजीच्या पायात घुटमळायची. एक दिवस सकाळी नागूबाई भाकरी थापत असताना तिला ओसरीवरून कुजबुज ऐकू आली. सरजा आणि महानंदा जमिनीवर वाकून बसल्या होत्या. कोळशानं काहीतरी चाललं होतं. आपल्याविषयीच काहीतरी बोलत असणार, असं नागूबाईला वाटलं. ती पिठाच्या हातानं बाहेर आली.

"काय करलालाव गं दोघी?"

"काय न्हाई, माय."

फरशीवर कोळशाच्या दोन-तीन वेड्यावाकड्या खुणा होत्या. महानंदा म्हणाली, अक्का लिहायचं विसरून गेली होती, पुन्हा शिकतेय, हे तिचं नाव आहे.

"वाच बरं."

"सरजा," महानंदानं बोट ठेवून वाचलं.

नागूबाईनं थोडा वेळ त्या खुणांकडं बघितलं. मग अंगणात बैलाला पेंड चारणाऱ्या नरसिंगला तिनं हाक मारली. त्याला फरशीपुढं उभं केलं, आणि ह्या पोरी काय म्हणतात ते न सांगता विचारलं, हे काय लिव्हलंय?

नरसिंग म्हणाला, "सरजा. र जरा उलटा काढलाय."

"असंल," नागूबाई म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी करपायला लागली म्हणून आत गेली.